ई-सायकल वेगमर्यादेत कशी आणायची: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

साध्या सायकलला मोटर, बॅटरी आणि डिस्प्लेचं किट लावून मी ई-सायकल केली, तेव्हा डिस्प्लेमध्ये ताशी २५ किलोमीटरची मर्यादा टाकली आणि काम झालं असं धरून चाललो. दोन महिन्यांनी सहज म्हणून फोनचं जीपीएस लावून निघालो. डिस्प्लेवर २५ दिसत होते आणि फोनवर साडेसव्वीस. आधी वाटलं, फोन चुकत असेल. त्याच रस्त्यावर उलट दिशेने गेलो, तरी तेच. मग सेटिंग उघडून पाहिलं: किटमध्ये चाक २६ इंची धरलेलं होतं आणि माझ्या सायकलचं चाक २८ इंची. म्हणजे दोन महिने मी रोज मर्यादेच्या वर चालवत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे मर्यादा नव्हे. रस्त्यावर प्रत्यक्ष ज्या वेगाला मोटर ढकलणं थांबवते, तो वेग म्हणजे मर्यादा, आणि तो मोजूनच कळतो.

दीड-दोन किलोमीटरच्या फरकाने काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. एक तर अपघात झाला की हाच फरक तुमच्या विरोधात जातो. मर्यादेबाहेरची ई-सायकल बऱ्याच देशांत कायद्याने सायकल राहत नाही, मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, परवाना, विमा सगळं लागतं, आणि ते नसेल तर नुकसानभरपाई तुमच्या खिशातून. दुसरं म्हणजे गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ ऐवजी ३५ ने जाणाऱ्या सायकलची ऊर्जा जवळजवळ दुप्पट असते. समोर कोणी आलं आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर २५ च्या वेगात सायकल तेवढ्यात ७ मीटर पुढे गेलेली असते, ३५ ला पावणेदहा मीटर.

हाताशी काय काय हवं

साहित्य: मोजपट्टी, खडू, टायरमधली हवा मोजायचं गेज, जीपीएस असलेला फोन, स्टॉपवॉच, मागचं चाक अधांतरी ठेवणारा स्टँड, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, केबल टाय. कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी डबी) उघडायचा असेल तर मल्टिमीटरही.

कागद: खरेदीची पावती, किटचं किंवा सायकलचं माहितीपुस्तक, चाचणी प्रमाणपत्राची प्रत असेल तर ती, फ्रेम नंबर. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी यांच्या लेबलचे फोटो कामाला लागण्याआधीच काढून ठेवा. मोटरचं लेबल बरेचदा हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागाच्या, आतल्या बाजूला असतं आणि चाक बसवल्यावर दिसत नाही.

१. तुमच्या भागातला नियम नेमका काय आहे ते पाहा

मर्यादा सगळीकडे २५ नाही. युरोपीय संघात मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद व्हावी लागते, मोटरची सतत देता येणारी ताकद २५० वॉटपर्यंत आणि मदत फक्त पेडल मारत असताना. ब्रिटनमध्ये ताशी १५.५ मैल आणि २५० वॉट. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तीन वर्ग आहेत: पहिला पेडल मारतानाच मदत देणारा, ताशी २० मैलांपर्यंत, दुसरा थ्रॉटलचा (पेडल न मारता हॅंडलवरूनच मोटर चालवायची), तोही २० मैलांपर्यंत, तिसरा पेडलवर २८ मैलांपर्यंत. ताकदीची मर्यादा ७५० वॉट. जपानमध्ये तर ताशी १० किलोमीटरपर्यंत पायाच्या जोराच्या दुप्पट मदत चालते, पुढे ती कमी कमी होत २४ ला शून्य व्हावी लागते.

भारतात मोटरची सलग ३० मिनिटं देता येणारी ताकद ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ पेक्षा कमी असेल तर ते वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. मात्र त्यात एक अट आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून ती सुटते: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ खाली येणाऱ्या चाचणी संस्थेने या गोष्टी तपासून मंजूर केलेल्या असाव्या लागतात. घरी बसवलेल्या किटवर २४ ची मर्यादा लावली म्हणजे ही अट पूर्ण झाली असं होत नाही. नवी घेत असाल तर प्रमाणपत्राची प्रत विक्रेत्याकडे आधीच मागा.

नियम वाचताना चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा: वेग किती, ताकद किती, थ्रॉटल चालतो का, चालवणाऱ्याचं वय किती हवं. पुढची सगळी कामं या चार उत्तरांवर बेतायची आहेत.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. ही मर्यादा मोटरच्या मदतीची आहे. पेडल मारणाऱ्या सायकलवर तुम्ही स्वतःच्या पायांच्या जोरावर किंवा उतारावर २५ च्या पुढे गेलात तर तो या नियमाचा भंग नव्हे. रस्त्यावरच्या पाटीचा वेग मात्र तेव्हाही पाळावाच लागतो.

२. सायकलवर काय बसवलंय ते ओळखा

मोटर चाकाच्या मध्यभागी असेल तर ती हब मोटर. पेडलच्या अक्षापाशी असेल तर मिड-ड्राइव्ह. हबमध्ये दोन प्रकार: गिअरवाली हब लहान असते आणि मोटर बंद असताना चाक मोकळं फिरतं, गिअर नसलेली थेट हब मोठी, जड, आणि हाताने फिरवताना किंचित अडल्यासारखी लागते.

मग वेग कुठून मोजला जातोय ते शोधा. मागच्या चाकाच्या तारेवर एक छोटं चुंबक आणि त्यासमोर फ्रेमवर सेन्सर असेल, तर चाकाची प्रत्येक फेरी तिथे मोजली जाते. बऱ्याच हब मोटरींत हे काम मोटरच्या आतच होतं. कंट्रोलर फक्त फेऱ्या मोजतो हे लक्षात ठेवा. एका फेरीत सायकल किती पुढे गेली हे त्याला माहीत नसतं, ते आपण सांगायचं असतं. माझी चूक इथेच होती.

जुनी सायकल घेतली असेल तर आणखी एक तपासणी करा. सेन्सरची वायर मोटरपर्यंत बोटाने चाचपत जा. मध्ये एखादी डबी जोडलेली सापडली, तर आधीच्या मालकाने मर्यादा उठवलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशा डब्या वेगाचा संदेश कमी करून मोटरला पाठवतात. त्यातल्या काहींची खूण अशी, की साधारण २० च्या पुढे डिस्प्लेवरचा आकडा अचानक निम्मा होतो. ती डबी काढून टाका आणि वायर मूळ जागी जोडा. बॉशच्या नव्या प्रणाली अशी छेडछाड ओळखून मोटरची मदत आपणहून खाली आणतात. तसं झालं असेल तर अधिकृत डीलरकडेच जावं लागेल.

३. चाकाचा घेर मोजा

टायरवर लिहिलेल्या इंचांवर विसंबू नका. २६ इंची रिमवर बारीक टायर आणि जाड टायर यांच्या घेरात चांगला फरक पडतो.

टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा. सपाट जागी सायकल उभी करून ज्या चाकावर वेग मोजला जातो त्याचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि जमिनीवर खडूने रेघ मारा. आता सीटवर बसा. वजनाने टायर दबतो, घेर कमी होतो, म्हणून बसणं महत्त्वाचं. कोणाला तरी हॅंडल धरून सायकल सरळ रेषेत हळूहळू पुढे ढकलायला सांगा. व्हॉल्व्ह पाच वेळा खाली आला की दुसरी रेघ मारा. अंतर मोजा, पाचने भागा. एकच फेरी मोजली तर खडूच्या रेघेच्या जाडीएवढी चूकही पूर्ण अंगावर येते. पाच फेऱ्यांत ती वाटली जाते.

माझं उत्तर आलं २२०० मिलिमीटर. डिस्प्लेमधलं २६ इंच म्हणजे सुमारे २०७५ मिलिमीटर. आता २५ ला २२०० ने गुणा आणि २०७५ ने भागा: २६.५. फोन अगदी बरोबर सांगत होता.

काही डिस्प्लेंत घेर मिलिमीटरमध्ये टाकता येतो, काहींत फक्त इंचांची यादी असते. यादी असेल तर तुमच्या घेरापेक्षा किंचित मोठा पर्याय निवडा. मग डिस्प्ले वेग थोडा जास्त दाखवेल आणि मोटर थोडी आधी थांबेल. चूक व्हायचीच असेल तर ती या बाजूला होऊ द्या.

चुंबकांची संख्याही इथेच तपासा. चाकावर एक चुंबक आणि सेटिंगमध्ये २ असेल, तर डिस्प्ले निम्मा वेग दाखवेल आणि मर्यादा दुप्पट वेगाला लागेल.

४. आत्ताचा खरा वेग मोजा

काहीही बदलण्याआधी हे करा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मोटरचा कमाल वेग व्होल्टेजवर अवलंबून असतो. ३६ व्होल्टची म्हणून विकली जाणारी १० सेलच्या मालिकेची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते आणि रिकामी होत आली की ३० च्या घरात येते. अर्ध्या बॅटरीवर घेतलेली चाचणी फसवी असते.

रहदारी नसलेली, सपाट, सरळ जागा शोधा. २०० मीटर मोजून दोन खुणा करा. पहिल्या खुणेच्या बऱ्याच आधीपासून वेग स्थिर झालेला असू द्या, मगच स्टॉपवॉच सुरू करायला सांगा. ताशी २५ ने २०० मीटरला २८.८ सेकंद लागतात, ताशी ३२ ने (म्हणजे २० मैलांनी) २२.५ सेकंद. त्याहून कमी वेळ लागला तर तुम्ही मर्यादेच्या वर आहात. दोन्ही दिशांनी किमान तीन-तीन फेऱ्या करा, वारा आणि उतार आपोआप कापले जातील. फोनचं जीपीएस सोबत असू द्या. त्याचा आकडा थोडा मागून येतो, त्यामुळे स्थिर वेगातच तो पाहण्यात अर्थ आहे.

पेडलच्या सायकलवर मोजताना पाय फक्त फिरवा, जोर लावू नका. जोर लावलात तर तुमचा वेग मोजला जाईल, मोटरचा नाही.

५. मर्यादा लावा

हे काम सायकलवर काय बसवलंय त्यावर ठरतं, म्हणून तुमचा प्रकार पाहून तेवढंच वाचा. वायरीला हात लावायचा असेल तर आधी बॅटरी काढा आणि नंतर डिस्प्लेचं बटण काही सेकंद दाबून धरा. कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये उरलेला भार त्याने उतरतो. तो न उतरवता कनेक्टर ओढला तर ठिणगी पडू शकते.

डिस्प्लेतून. किटमध्ये एस८६६ सारखे डिस्प्ले फार आढळतात. प्लस आणि मायनस ही बटणं एकत्र काही सेकंद दाबून धरली की पी०१ पासून यादी सुरू होते. पी०६ म्हणजे चाक, पी०७ म्हणजे चुंबकांची संख्या, पी०८ म्हणजे वेगमर्यादा. पी०८ मध्ये १०० असेल तर मर्यादाच नाही असा त्याचा अर्थ. आधी प्रत्येक आकड्याचा फोटो काढा, मग पी०६ आणि पी०७ दुरुस्त करा आणि सगळ्यात शेवटी पी०८. दुसऱ्या बनावटीच्या डिस्प्लेत हेच क्रमांक वेगळ्या गोष्टींचे असतात, तेव्हा तुमच्या माहितीपुस्तकातलाच तक्ता वापरा. डिस्प्ले मैलांवर असेल तर आधी किलोमीटरवर आणा. नाहीतर मर्यादेचा आकडा कोणत्या एककात आहे याचा घोळ होतो, आणि २५ मैल म्हणजे ४० किलोमीटर.

कंट्रोलरच्या वायरीतून. डिस्प्ले नसलेल्या साध्या कंट्रोलरमधून बरेचदा एकाच रंगाच्या, बहुधा पांढऱ्या, दोन वायरी निघतात आणि त्यांच्या टोकांना एकमेकांत बसणारा कनेक्टर असतो. बहुतेक कंट्रोलरमध्ये तो जोडला की वेग मर्यादेत राहतो आणि सोडला की मोकळा होतो. कनेक्टर जोडा, चाक स्टँडवर फिरवून फरक पडतो का पाहा. फक्त रंगावर जाऊन कोणत्याही दोन वायरी जोडू नका; कंट्रोलरवरच्या आकृतीत ती जोडी दाखवलेली असेल तरच जोडा. आणखी एक, या वायरींनी मिळणारी मर्यादा कारखान्यात ठरलेली असते. ती तुमच्या नियमाएवढीच असेल असं नाही, मोजावीच लागेल.

बाफांगची मिड-ड्राइव्ह. बीबीएस०२ सारख्या मोटरी यूएसबी केबलने संगणकाला जोडून सेट करता येतात. इथे बरेच जण अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेडल असिस्टच्या (पेडल मारताना मिळणाऱ्या मदतीच्या) पानावर वेगमर्यादेचा एक रकाना आहे. तो ‘डिस्प्लेच्या आज्ञेनुसार’ असा ठेवला तर डिस्प्लेवरची मर्यादा लागू होते. थ्रॉटलच्या पानावर वेगमर्यादेचा दुसरा, स्वतंत्र रकाना आहे. लोक पहिला भरतात आणि दुसरा विसरतात. मग पेडलवर सायकल २५ ला थांबते आणि अंगठ्याने थ्रॉटल दाबला की सरळ पुढे निघते. दोन्ही पानं उघडून पाहा. लिहिण्याआधी मोटरमधली मूळ सेटिंग वाचून वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा.

बंदिस्त प्रणाली. बॉश, शिमानो वगैरेंमध्ये ग्राहकाला मर्यादा बदलता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. दुसऱ्या देशातून सायकल आणली असेल आणि तिची मर्यादा तिथल्या नियमाची असेल, तर डीलरकडे नेऊन विचारा.

मर्यादेची सोयच नसलेला कंट्रोलर. यावर कमी व्होल्टेजची बॅटरी लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. ४८ ऐवजी ३६ व्होल्ट दिले तर वेग साधारण पाव हिश्शाने उतरतो हे खरं, पण ४८ व्होल्टचा कंट्रोलर ३६ ची बॅटरी रिकामी समजून चालूच होत नाही असंही होतं. चालू झाला तरी भरलेल्या आणि अर्ध्या बॅटरीचा वेग वेगळा, म्हणजे मर्यादा स्थिर नाहीच. कंट्रोलर बदलून मर्यादेची सोय असलेला घ्या. व्होल्टेज, अँपिअर आणि सेन्सरचे कनेक्टर जुन्याशी जुळतात का ते आधी पाहा.

चाकाचा आकार मुद्दाम खूप मोठा टाकून वेग उतरवायची युक्तीही टाळा. वेग उतरतो, पण डिस्प्लेवरचा वेग आणि अंतर दोन्ही खोटी होतात, आणि तपासणीत ते छेडछाडीसारखंच दिसतं.

६. थ्रॉटल आणि ब्रेक

तुमच्या नियमात थ्रॉटल बसत नसेल तर तो सेटिंगमध्ये बंद करून भागवू नका. हॅंडलवरून काढा आणि कनेक्टरचं टोक टेप लावून बंद करा. युरोपात पेडल न मारता ताशी ६ किलोमीटरपर्यंतची मदत चालते, चढावर सायकल हाताने ढकलत नेताना ती उपयोगी पडते.

पेडल थांबवलं की मोटर लगेच थांबते का, ब्रेक दाबला की थांबते का, हे दोन्ही स्टँडवर तपासा. ब्रेक लिव्हरमध्ये मोटरची वीज तोडणारा स्विच नसेल तर तो बसवून घ्या. माझ्या मते वेगमर्यादेइतकंच हे महत्त्वाचं आहे.

७. वॉटचं गणित

मोटरवर २५० लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल तर बॅटरीतून ५४० वॉटपर्यंत ओढले जाऊ शकतात. नियम बहुधा सतत देता येणाऱ्या ताकदीबद्दल बोलतो, त्यामुळे चढावर क्षणभर जास्त ओढणं म्हणजे लगेच नियमभंग होत नाही. पण मोटर ५०० वॉटची असून लेबल २५० चं चिकटवलेलं असेल, तर वेग कितीही कमी केला तरी सायकल नियमात बसणार नाही. लेबलवरचा मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या माहितीशी ताडून पाहा.

८. पुन्हा मोजा

आधी स्टँडवर. मागचं चाक अधांतरी ठेवून चालवा. बोटं आणि कपडे तारांपासून लांब. चाकावर भार नसताना मोटर रस्त्यापेक्षा जास्त फिरते, तरीही मर्यादा नीट लागली असेल तर चाक ठरलेल्या आकड्यापाशीच थांबेल.

मग त्याच २०० मीटरवर, पूर्ण भरलेल्या बॅटरीने, दोन्ही दिशांनी. मोटर सुटते तो क्षण अंगाला कळतो: सायकल शिकताना मागून सीट धरणाऱ्याने हात सोडावा तसं. तो धक्का जोराचा असेल तर सेटिंगमध्ये मर्यादा एकाने कमी करून पाहा. भारतासारखा ‘२५ पेक्षा कमी’ असा नियम असेल तर तसंही २४ च ठेवा. मी २४ ठेवली आहे आणि आता २०० मीटरला तीस सेकंद लागतात.

‘ऑफ-रोड मोड’ किंवा एका बटणाने मर्यादा उठवायची सोय दिसली तर ती कायमची बंद करा. युरोपच्या ईएन १५१९४ या मानकात छेडछाड रोखण्याच्या तरतुदी आहेत. वापरणाऱ्याला हवी तेव्हा उठवता येणारी मर्यादा त्या अर्थाने मर्यादाच नाही. डिस्प्लेच्या सेटिंगला पासवर्ड लावता येत असेल तर लावा. घरात दुसरं कोणी सायकल वापरत असेल तर नक्कीच लावा.

९. पुरावा जपा

बदललेल्या प्रत्येक सेटिंगचा फोटो, चाचणीच्या फेऱ्यांचे सेकंद आणि तारीख, जीपीएसची नोंद, लेबलचे फोटो आणि पावती एका फाइलमध्ये ठेवा आणि त्यांची प्रत फोनमध्येही. ब्रिटनमध्ये सायकलवर ताकद किंवा उत्पादकाचं नाव, आणि बॅटरीचं व्होल्टेज किंवा कमाल वेग लिहिलेला असावा लागतो. तुमच्या नियमात असं लेबल मागितलं असेल तर ते पुसलं जाणार नाही अशा जागी लावा. ही फाइल सरकारी प्रमाणपत्राची जागा घेत नाही. पण अडवून विचारलं गेलं तर शांतपणे दाखवायला हातात काहीतरी असतं.

टायर बदलला, कंट्रोलर बदलला, डिस्प्ले फॅक्टरी रीसेट केला किंवा तारेवरचं चुंबक सरकलं, की तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचं. चुंबकावर खास लक्ष ठेवा. ते सेन्सरपासून दूर गेलं की काही मोटरी एरर दाखवून थांबतात, पण काही कंट्रोलर वेग शून्य समजून मर्यादेशिवाय चालत राहतात. सायकल चालू असताना डिस्प्लेवर शून्य दिसलं तर तिथेच उतरा, चुंबक सेन्सरसमोर आणा आणि केबल टायने घट्ट बांधा.